साठ विरुद्ध शून्य, तरी विरोधी पक्षनेता: मॉरिशसची ‘बेस्ट लूझर’ पद्धत समजून घेताना

१० नोव्हेंबर २०२४ रोजी मॉरिशसमध्ये सार्वत्रिक निवडणूक झाली. मुख्य बेटावरच्या साठच्या साठ जागा नवीन रामगुलाम यांच्या आघाडीने जिंकल्या. मावळते पंतप्रधान प्रविंद जगन्नाथ स्वतःच्या मतदारसंघात पडले आणि त्यांच्या आघाडीचा एकही उमेदवार निवडून आला नाही. तरीही नवी संसद बसली तेव्हा त्या आघाडीचे लोक आत होते. त्यांच्यातले जो लेजोंगार विरोधी पक्षनेते झाले.

जनतेने नाकारलेला माणूस विरोधी पक्षनेता कसा होतो? आपल्याकडच्या वाचकाला आधी विधान परिषद आठवेल. विधानसभेला पडलेल्या नेत्याचे पक्षश्रेष्ठींकडे वजन असेल, तर तो मागच्या दाराने आमदार होतो. मॉरिशसमध्ये असे श्रेष्ठी कोणी नाहीत आणि वरिष्ठ सभागृहही नाही. हरलेल्यांपैकी कोणाला आत घ्यायचे ते राज्यघटनेत लिहिलेल्या गणिताने ठरते आणि ते गणित निवडणूक देखरेख आयोग करतो. या तरतुदीला तिथे ‘बेस्ट लूझर’ पद्धत म्हणतात. देशाच्या निवडणूक पद्धतीत सर्वात जास्त वाद याच तरतुदीवर होतो आणि सर्वात कमी समजलेली तरतूदही हीच असावी.

## देश केवढा, माणसे कोण

सगळी बेटे धरून मॉरिशसचे क्षेत्रफळ सुमारे २,०४० चौरस किलोमीटर भरते. गोव्याच्या निम्म्याहून थोडे जास्त. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. मुख्य बेटाच्या पूर्वेला साडेपाचशे किलोमीटरवर रॉड्रिग्ज हे छोटे बेट आहे.

या बेटांवर मूळ रहिवासी कोणी नव्हतेच. फ्रेंचांनी आफ्रिका आणि मादागास्करहून गुलाम आणून उसाचे मळे उभे केले. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले. १८३५ मध्ये गुलामगिरी संपली तेव्हा मळेवाल्यांना मजूर हवे होते, म्हणून भारतातून करारावर माणसे आणली गेली. बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातून सर्वाधिक लोक गेले, मद्रास इलाख्यातून तमिळ आणि तेलुगू गेले आणि मुंबई बंदरातून कोकणातली मराठी कुटुंबे गेली. गुजराती मुस्लीम आणि चिनी व्यापारीही आले. आज निम्मी लोकसंख्या हिंदू आहे, पण म्हणजेच उरलेली निम्मी हिंदू नाही. या निम्म्या-निम्म्याचे भान ठेवले तर पुढचे सगळे समजणे सोपे जाते.

## सरकारचा सांगाडा ओळखीचा, मतपत्रिका अनोळखी

१२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला आणि १२ मार्च १९९२ रोजी प्रजासत्ताक. राष्ट्रपतींना संसद निवडते आणि त्यांचे पद बहुतांशी नामधारी आहे. खरी सत्ता पंतप्रधान आणि मंत्रिमंडळाकडे असते, मुदत पाच वर्षांची. अंतिम अपील मात्र अजून लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जाते. रॉड्रिग्जला २००२ पासून स्वतःची प्रादेशिक विधानसभा आहे.

एवढे सगळे आपल्याला परिचयाचे वाटेल. मतपत्रिका मात्र वेगळी आहे. मुख्य बेटावर वीस मतदारसंघ आहेत आणि प्रत्येकातून तीन खासदार निवडले जातात. प्रत्येक मतदाराला तीन मते असतात आणि तिन्ही द्यावीच लागतात. दोनच मते दिली तर मतपत्रिका बाद. सर्वाधिक मते मिळवणारे पहिले तिघे निवडून येतात. रॉड्रिग्जमधून याच रीतीने दोघे येतात. एकूण निवडून आलेले ६२.

मतदान केंद्राबाहेर दोन शब्द हमखास कानावर पडतात. तिन्ही मते एकाच पक्षाच्या त्रिकुटाला दिली तर ते ‘ब्लॉक’. दोन इकडे आणि एक तिकडे दिले तर ‘कुपे-त्रांशे’. बहुतेक लोक ब्लॉक मत देतात. त्यामुळे मतदारसंघात एखादा पक्ष थोडासा पुढे असला, तरी त्याचे तिघेही उमेदवार एकदम येतात. हेच वीस ठिकाणी घडले की साठ विरुद्ध शून्य होते. १९८२ मध्ये तसे झाले, १९९५ मध्ये झाले आणि २०२४ मध्ये पुन्हा झाले. तिन्ही वेळा जिंकणाऱ्यांची मते साठ ते पासष्ट टक्क्यांच्या घरात होती. उरलेल्या पस्तीस-चाळीस टक्के मतदारांना मुख्य बेटावर निवडून आलेला एकही माणूस मिळाला नाही.

## स्वातंत्र्याच्या तोंडावरची भीती

१९६० च्या दशकात स्वातंत्र्य दिसू लागले तसे अल्पसंख्याकांना वेगळेच प्रश्न पडू लागले. इंग्रज गेल्यावर सत्ता हिंदू बहुसंख्येकडे जाणार, मग आपले काय? अब्दुल रझाक मोहमद यांचा मुस्लीम पक्ष शिवसागर रामगुलाम यांच्या लेबर पक्षाबरोबर होता, पण त्यांना प्रतिनिधित्वाची हमी हवी होती. गाएतां दुवाल यांच्या पक्षामागे क्रिओल (म्हणजे गुलामांचे वंशज) आणि गोरे मतदार होते आणि त्या पक्षाचा तर स्वातंत्र्यालाच विरोध होता. ऑगस्ट १९६७ च्या निवडणुकीत चाळीस टक्क्यांहून अधिक मते स्वातंत्र्याच्या विरोधात पडली. जानेवारी १९६८ मध्ये, झेंडा फडकायला दोन महिने उरले असताना, राजधानी पोर्ट लुईमध्ये क्रिओल आणि मुस्लीम यांच्यात दंगल पेटली आणि ब्रिटिश सैन्य बोलवावे लागले.

अशा वेळी सोपे वाटणारे उत्तर म्हणजे विभक्त मतदारसंघ: मुस्लिमांनी मुस्लिमाला निवडावे, हिंदूंनी हिंदूला. इंग्रजांनी भारतात १९०९ पासून तेच केले होते आणि त्याचे परिणाम समोर होते. दुसरे उत्तर म्हणजे मतदार एकच, पण जागा राखीव. १९३२ मध्ये येरवड्यात झालेल्या पुणे कराराने दलितांसाठी तो मार्ग निवडला आणि आपली राज्यघटना आजही त्यावर चालते. मॉरिशसने तिसरा मार्ग काढला. १९६६ मध्ये बॅनवेल आयोगाने तीन-तीन खासदारांचे वीस मतदारसंघ सुचवले. तोल सावरण्यासाठी आयोगाने आखलेल्या उपायावर भांडण झाले, तेव्हा ब्रिटिश वसाहत खात्याचे जॉन स्टोनहाउस बेटावर आले आणि तडजोड म्हणून आजची पद्धत ठरली. मतदार विभागायचे नाहीत, जागाही राखून ठेवायच्या नाहीत. सगळ्यांनी मिळून मत द्यायचे आणि निकाल लागल्यावर कोण कमी पडले ते पाहायचे.

## आठ जागांचे गणित

पंगत वाढून झाली की चांगला वाढपी एकदा मागे वळून बघतो आणि कोणाच्या पानावर कमी पडले असेल तिथे हातातल्या भांड्यात उरलेले वाढतो. ६२ जागांचा निकाल लागला की देखरेख आयोग तेच करतो. त्याच्या भांड्यात जास्तीत जास्त आठ जागा असतात.

राज्यघटना चार समाज मानते: हिंदू, मुस्लीम, चिनी वंशाचे आणि ‘सर्वसाधारण लोकसंख्या’. पहिल्या तिन्हींत न बसणारे सगळे चौथ्यात. उमेदवारी अर्ज भरतानाच आपला समाज लिहून द्यावा लागतो.

आयोग प्रत्येक समाजाची लोकसंख्या घेतो. त्या समाजाला आणखी एक जागा दिली तर एकूण किती जागा होतील, त्या आकड्याने लोकसंख्येला भागतो. ज्याचा भागाकार सर्वात मोठा, तो समाज सर्वात मागे राहिलेला. समजा, निकालात हिंदू ३८, सर्वसाधारण १६, मुस्लीम ७ आणि चिनी १ असे खासदार आले (हे आकडे केवळ उदाहरणादाखल). गणितात मुस्लीम लोकसंख्या सुमारे १ लाख ३७ हजार धरली जाते. तिला ८ ने भागले की १७ हजारांच्या वर येते. सर्वसाधारण सुमारे २ लाख ६० हजार, भागिले १७, म्हणजे १५ हजारांच्या थोडे वर. चिनी २४ हजार भागिले २, म्हणजे १२ हजार. हिंदू ४ लाख २८ हजार भागिले ३९, म्हणजे ११ हजारांच्या आत. पहिली जागा मुस्लीम समाजाला. आता त्यांच्या ८ झाल्या, म्हणून पुढच्या फेरीत ९ ने भागायचे. त्या फेरीत सर्वसाधारण समाज किंचित पुढे जातो आणि दुसरी जागा त्याला मिळते. अशा चार फेऱ्या.

जागा त्या समाजातल्या कोणाला? हरलेल्यांपैकी ज्याने आपल्या मतदारसंघातल्या वैध मतांचा सर्वाधिक टक्का मिळवला त्याला, मग त्याचा पक्ष कोणताही असो. अट एवढीच की तो नोंदणीकृत पक्षाचा हवा. अपक्षाला ही वाट बंद आहे.

## मग जिंकणाऱ्याचे बहुमत घटत नाही का?

पहिल्या चार जागांत पक्ष पाहिला जात नाही, त्यामुळे त्या सगळ्या विरोधकांकडे जाऊ शकतात. जनतेने दिलेली आघाडी समाजांचा तोल साधण्याच्या नादात पुसली जाऊ नये, यासाठी उरलेल्या चार जागा आहेत. पहिल्या चारपैकी जितक्या जागा इतर पक्षांना गेल्या, तितक्या दुसऱ्या चारांतून शक्यतो सर्वात मोठ्या पक्षाला मिळतात, तिथेही समाजाचा तोल पाहूनच. २०१९ मध्ये हे नेमके दिसले. आठपैकी चार जागा सत्ताधाऱ्यांना आणि चार विरोधकांना मिळाल्या. सभागृह सत्तरचे झाले आणि मधले अंतर तेवढेच राहिले.

साठ-शून्य निकालात गंमत अशी की जिंकणाऱ्यांकडे हरलेला उमेदवारच शिल्लक नसतो. दुसऱ्या चार जागा द्यायच्या कोणाला? म्हणून १९८२ आणि २०२४ मध्ये सभागृह ६६ वर थांबले. त्या चौघांची किंमत मात्र अशा वेळी फार वाढते. विरोधी पक्षनेता हे तिथे घटनात्मक पद आहे. देखरेख आयोगाचे सदस्य नेमतानाही पंतप्रधानांना त्याच्याशी सल्लामसलत करावी लागते. १९८२ मध्ये गाएतां दुवाल असेच आत आले आणि विरोधी पक्षनेते झाले. ही पद्धत आली समाजांसाठी, पण बेटावर विरोधी आवाज पार मिटण्याची वेळ आली तेव्हा तिने संसद वाचवली. हे श्रेय तिला द्यायलाच हवे.

## ‘पण हा सरळसरळ जातीयवाद नाही का?’

आक्षेप रास्त आहे आणि तो मॉरिशसमधलेच लोक सर्वात जोरात घेतात. ज्याला स्वतःला केवळ मॉरिशियन म्हणवायचे आहे, त्याने अर्जावर काय लिहायचे? ‘रेझिस्टांस एक आल्टरनातिव’ या डाव्या संघटनेच्या उमेदवारांनी २००५ पासून समाज लिहायला नकार दिला आणि त्यांचे अर्ज फेटाळले गेले. प्रकरण देशातल्या न्यायालयांत आणि प्रिव्ही कौन्सिलपर्यंत फिरून संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीकडे पोहोचले. २०१२ मध्ये समितीने त्यांच्या बाजूने मत दिले. २०१४ च्या निवडणुकीपुरता कायदा बदलला आणि समाज न लिहिण्याची मुभा मिळाली. मात्र तसे करणाऱ्याला बेस्ट लूझर जागेवरचा हक्क सोडावा लागला. पुढच्या निवडणुकीला सक्ती परतली. या लढ्यातले अशोक सुब्रों २०२४ मध्ये मंत्री झाले.

चार समाजांच्या या चार पेट्या तपासल्या की आक्षेपाचे वजन आणखी वाढते. दोन पेट्या धर्माच्या, एक वंशाची आणि चौथी उरलेल्यांची. माणूस कोणत्या पेटीतला हे राज्यघटनेनुसार त्याच्या ‘जीवनपद्धती’वरून ठरते. जीवनपद्धती म्हणजे काय, आडनाव, जेवण की प्रार्थनास्थळ? असे वाद न्यायालयापुढे गेले आहेत, पण उत्तर कोणाला देता आलेले नाही. चौथ्या पेटीत गुलामांचे वंशज क्रिओल आहेत आणि गुलाम बाळगणाऱ्या मळेवाल्यांचे गोरे वंशजही आहेत. म्हणजे एखाद्या जुन्या साखर कारखानदार घराण्यातला माणूस निवडून आला, तरी कागदोपत्री क्रिओल वस्तीला तिचा प्रतिनिधी मिळालेला असतो. मला या पद्धतीतली ही सर्वात क्रूर गोष्ट वाटते. फेब्रुवारी १९९९ मध्ये काया हा क्रिओल गायक पोलीस कोठडीत मरण पावला आणि बेट पेटले. संसदेतला समाजांचा हिशेब जुळत होता, तरी पोर्ट लुईच्या वस्त्यांमधला राग त्या हिशेबात कुठेच उमटला नव्हता.

## मराठी माणूस कोणत्या पेटीत?

हिंदूंच्या. मॉरिशसचे मराठी लोकसंख्येच्या दोनेक टक्के असतील. गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते, शाळांत मराठी शिकता येते, मराठी मंडळींच्या संस्था गावोगाव आहेत. राज्यघटनेच्या गणितात मात्र मराठी, तमिळ, तेलुगू आणि भोजपुरी पूर्वजांचे लोक सगळे एकच आकडा आहेत. मराठी उमेदवार पडला तर त्याला बेस्ट लूझर म्हणून घेतले जाण्याची शक्यता थोडी, कारण हिंदू समाज मागे राहिल्याचे गणितात सहसा निघत नाही. त्याला जागा मिळते ती पक्षाने त्रिकुट ठरवताना विचार केला तरच. पक्ष हा विचार करतातच: कोणत्या मतदारसंघात कोणत्या समाजाचा, हिंदूंतही कोणत्या जातीचा आणि कोणत्या भाषेचा माणूस द्यायचा. ही बारीक वाटणी राज्यघटनेत लिहिलेली नाही. म्हणूनच आठ जागा रद्द केल्या की राजकारणातून जात-धर्म जाईल, हे मला पटत नाही. स्वातंत्र्यापासून पाच जण पंतप्रधान झाले. त्यांतले चौघे रामगुलाम आणि जगन्नाथ या दोन हिंदू घराण्यांतले. पाचवे, हिंदू नसलेले एकटेच, फ्रेंच वंशाचे पॉल बेरांजे, २००३ ते २००५. यामागे बेस्ट लूझर पद्धत नव्हती.

## आकडे १९७२ चे, खासदार आजचे

वरच्या उदाहरणातले लोकसंख्येचे आकडे १९७२ च्या जनगणनेचे आहेत. त्यानंतर जनगणनेत समाज विचारणेच बंद झाले. १९८२ च्या सरकारला माणसे अशी मोजायची नव्हती. पण पद्धत तर राज्यघटनेत होती, म्हणून गणितासाठी १९७२ चे आकडे कायमचे गोठवले गेले. अर्ध्या शतकापूर्वी मोजलेल्या, त्यातल्या कित्येक आता हयातही नसलेल्या माणसांच्या आधारे आजचे खासदार ठरतात. संयुक्त राष्ट्रांच्या समितीने नेमके यावर बोट ठेवले: आजचे आकडेच नसताना उमेदवाराला समाज लिहायची सक्ती करणे मनमानी आहे.

मग नव्याने मोजा, असे म्हणणारे आहेत. पुन्हा मोजले की पुन्हा मागण्या, पुन्हा भांडणे, असे म्हणणारेही आहेत. जातगणनेच्या चर्चेत आपण दोन्ही बाजू ऐकल्या आहेत.

## इतकी वाईट आहे तर काढून का टाकत नाहीत?

मुस्लीम आणि क्रिओल समाजांतल्या अनेकांना ही पद्धत आवडत नाही, पण तिच्याशिवाय राहायची भीती अधिक वाटते, आणि त्या भीतीला आकड्यांचा आधार आहे. मुळात बिघाड ब्लॉक मतदानात आहे. २०१९ मध्ये सुमारे ३७ टक्के मतांवर एका आघाडीला ६२ पैकी ३८ जागा मिळाल्या. एवढी तफावत निर्माण करणारे यंत्र तसेच ठेवायचे आणि तिची थोडीशी भरपाई करणाऱ्या आठ जागा तेवढ्या काढायच्या, ही सुधारणा नव्हे. दोन्हींना एकदम हात घालावा लागेल.

उपाय सुचवले गेले आहेत. दक्षिण आफ्रिकेचे न्यायमूर्ती अल्बी सॅक्स यांच्या आयोगाने २००२ मध्ये सध्याच्या ६२ जागांशिवाय आणखी ३० जागा पक्षांना मतांच्या प्रमाणाकडे पाहून द्याव्यात असे म्हटले. पक्षाने आधीच यादी जाहीर करायची आणि त्या यादीत सर्व समाजांना जागा द्यायची. म्हणजे समाज लिहून न देताही तोल साधता येईल. मोठ्या पक्षांना ते पचले नाही, कारण ब्लॉक पद्धत आज ना उद्या आपल्यालाही घसघशीत बहुमत देईल, अशी आशा प्रत्येकालाच असते. २०१८ मध्ये जगन्नाथ सरकारने वेगळे विधेयक आणले. घटनादुरुस्तीला लागणारे तीन-चतुर्थांश बहुमत नव्हते, ते बारगळले.

२०२४ च्या निकालानंतर सभागृह ६६ चे झाले. तीन-चतुर्थांश म्हणजे ५०. निवडून आली तेव्हा सत्ताधारी आघाडीकडे ६० होते. निवडणूक पद्धत बदलायला लागणारे बळ एखाद्या सरकारकडे इतके क्वचितच असते, आणि हे बळ ज्या ब्लॉक मतदानातून आले तेच आता बदलायचे आहे. सुधारणेचे विधेयक येईल तेव्हा त्यात दोन गोष्टी आधी पाहाव्यात: मतांच्या प्रमाणात भरायच्या जागा किती, आणि उमेदवाराच्या अर्जावरचा समाजाचा रकाना गेला का. पहिल्या प्रश्नाचे उत्तर दहा-बारा असेल, तर साठ-शून्य पुन्हा होऊ शकते आणि तेव्हा तो रकाना भरून आत येणारे चार जणही नसतील.